रोहिणीची डावी बाजू

खोक्यात काहीतरी खुळखुळत होतं.

शेजारचे दळी आजोबा ते खोकं पोटाशी धरून आमच्या कारखान्याच्या दारात उभे होते. आत्या एका मूर्तीच्या डोळ्याची रेघ ओढत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "काका, उन्हात काय उभे? या ना आत. आणि खोक्यात काय, लाडू?"

"बोट," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "होती."

आत्याचा कुंचला थांबला. डोळ्याच्या रेघेत तो कधीच थांबत नाही, म्हणून मीही हातातला उंदीर खाली ठेवला.

इथे थोडं सांगायला हवं. आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. आमचा म्हणजे शालन आत्याचा. पप्पा माती, साचे आणि गिऱ्हाइकं बघतात, पण मूर्तीला डोळे आत्या देते, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा. मी तेव्हा सातवीत होते आणि कारखान्यात माझी बढती उंदरापर्यंत झाली होती. मूर्तीच्या पायाशी बसलेला उंदीर रंगवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. आता मी दहावीत आहे, स्नेहसंमेलनात निवेदन मी करते आणि बाईंना माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. बडबडी मी तेव्हाही होते. पण तेव्हा कुणी ऐकत नसे.

आजोबांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि पाठ फिरवून खुर्चीत बसले.

"उघड मृण्मयी. मी एकदा बघितलंय. परत बघवत नाही."

आत शर्ट होते. चेक्सचे, निळ्या रेघांचे, एक पांढरा, कॉलर फाटलेला. आणि त्या शर्टांच्या मधोमध माझ्या हाताएवढी लांब एक बोट. तिचं धुराडं तुटून आडवं पडलं होतं, डोलकाठीचे दोन तुकडे झाले होते, सुकाणूची छोटी खोली काचेच्या खिडक्यांसकट सुटून एका शर्टाच्या खिशाशी अडकली होती आणि केसाएवढ्या तारेचा कठडा पार चेपला होता. तरीही ती इतकी खरी दिसत होती, की मी तिला हात लावायच्या आधी तळवे फ्रॉकला पुसले.

"ही रोहिणी," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. "आमची टग. मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायची. गोव्याच्या बंदरात मी तिचं इंजिन चालवलं आणि माझ्या दोस्ताने, कुस्तोदने, सुकाणू. रिटायर झाल्यावर तो या बोटी करायला लागला, अगदी मापात. पुण्या-बेंगळुरूचे शौकीन लोक काचेच्या पेटीत ठेवायला नंबर लावून घ्यायचे. मी नेहमी म्हणायचो, माझी कधी करतोस? तर म्हणायचा, तुझी शेवटी."

"मग आता केली की," मी म्हणाले.

"शेवटचीच केली. गणपतीनंतर गेला तो."

आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"एस्पीने पाठवली. त्याच्या बायकोने. कुरियरवाल्याला हात लावू दिला नाही म्हणे, सगळं स्वतः बांधलं. कुस्तोदचे शर्ट घातले भोवती, म्हणजे धक्का लागायचा नाही." आजोबांनी चष्मा काढला. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. "परवा रविवारी ती मुलीकडे वसईला चाललीये. वाटेत उतरून बोट बघून जाणार आहे. शालन, त्याचे शर्ट असूनही मोडली, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

"काका, आम्ही मूर्तीवाले. बोटीतलं आम्हाला काय कळतं?"

"तुम्ही सोंडा जोडता. मोडली होती हे कुणाला कळू न देता जोडता. मला तेवढंच हवंय. नव्यासारखी करून दे. एस्पीला कळता कामा नये."

आत्याने तुटलेलं धुराडं उचललं, उलटं करून आत बघितलं, बोटावर तोललं. ती हो म्हणत नव्हती, पण खाली ठेवतही नव्हती.

"होईस्तोवर इकडे फिरकायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "मागे कुणी उभं राहिलं की माझा हात चालत नाही."

त्या संध्याकाळी माघी गणपतीच्या सगळ्या मूर्ती ओळीने बाजूला झाल्या. आत्याचा एक नियम आहे. मोडलेल्या सोंडेत आधी तार जाते, मग चिकटवायचं. नुसत्या चिकटवण्यावर विश्वास नाही. पण सोंड मनगटाएवढी असते आणि इथे डोलकाठी उदबत्तीपेक्षा बारीक होती. आत्याने सुई तापवून दोन्ही तुकड्यांत भोक पाडलं. डोळे रंगवताना ती वापरते ते भिंग मी धरलं होतं.

"आत्या, जास्त आत गेली तर..."

"बोलू नकोस. तुझा श्वास लागतोय."

"मी श्वास नाही घेत."

"मग मरशील. तिकडे तोंड करून घे."

सुई जरा जरी तिरकी गेली असती, तर काठी उभी चिरली असती. गेली नाही. झोपायला जाताना डोलकाठी उभी होती, धुराडं जागेवर होतं आणि सुकाणूची खोली रबर लावून दाबून ठेवली होती. मला वाटलं, झालं, आता भीती संपली.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी दप्तरासकट कारखान्याकडे पळाले. दारातच थिनरचा वास आला.

"ये, बघ कशी आंघोळ घातली तिला," आत्या खुशीत म्हणाली.

रोहिणीची डावी बाजू माझ्याकडे होती. वर पांढरी, खाली लाल, सगळी लखलखीत. आत्याच्या हातातलं फडकं मात्र काळंकुट्ट झालं होतं.

"किती मळली होती बघ. एवढा सुंदर हात होता त्या माणसाचा आणि प्रवासात वाट लावून टाकली. आता ही बाजू."

तिने बोट फिरवली. उजव्या बाजूला, कठड्याखालच्या बारीक भोकांपासून खाली, तपकिरी ओघळ होते. आत्याने फडक्याची स्वच्छ घडी उलगडली, थिनरमध्ये बुडवली, पिळली. मी कौतुकानेच बघत होते. आणि बघता बघता ते ओघळ मला एकदम वेगळेच दिसले. फडकं बोटीपासून दोन बोटांवर होतं.

"थांब!"

कारखान्यात आत्यावर कुणी ओरडत नाही. एकदा एक मांजर गुरगुरलं होतं, ते नंतर दिसलं नाही. साच्यांपाशी बसलेले पप्पासुद्धा उठून उभे राहिले.

"काय झालं? चावलं काही?"

"आत्या, पुसू नको. तो मळ नाहीये."

"मृणे, मला मळ कळत नाही?"

"अगं बघ ना! खोकं गाडीतून आलं, आडवं झालं असेल, उलटं झालं असेल. मळ लागला असता तर कुठेही लागला असता. हे सगळे ओघळ खालीच कसे आले? आणि प्रत्येक भोकाच्या बरोबर खालीच कसे?" माझा आवाज चिरकत होता, पण मी बोलत राहिले. "डेकवरचं पाणी त्या भोकांतून बाहेर पडतं. खऱ्या बोटीवर तिथेच गंज ओघळतो. हा गंज आहे, आत्या. त्यांनी रंगवलाय!"

"गंज कुणी रंगवतं का? आपण गणपतीच्या अंगावर धूळ रंगवतो?"

"भिंग घे."

मी भिंग तिच्या हातात दिलं. मी चुकले असते तर पुन्हा वर्षभर उंदीरही मिळाला नसता. आत्या वाकली. एक ओघळ बघितला, मग दुसरा. मग भिंग सरकवत ती एका इवल्याशा दारापाशी आली, डेकवरून खाली इंजिनकडे जायचं दार. त्या दारावर कडीच्या वर एक काळा डाग होता, तिळाएवढा. आत्या त्या डागावरून हलेचना.

"काय आहे?"

तिने भिंग मला दिलं.

डागाला चार बोटं होती. आणि एक अंगठा. ग्रीसने माखलेल्या हाताचा पंजा, दार ढकलताना उमटतो तसा. हा डाग पाडायला किती दिवस लागले असतील, किती दारं पुसून परत रंगवली असतील, देव जाणे.

"इंजिन कोण चालवायचं?" आत्याने हळूच विचारलं, जसं काही आम्हाला माहीतच नव्हतं.

आत्या फडक्याकडे बघत होती. मग ती स्टुलावर बसली आणि मी तिला पहिल्यांदाच हात मांडीवर टाकून नुसती बसलेली बघितलं.

"एक अख्खी बाजू पुसून बसले गं मी."

"तिकडे काय होतं?"

"मळ होता. मळ कुणी निरखून बघतं का?"

"मी आजोबांना विचारून येते."

"खबरदार!" ती ताडकन उठली. "मोडलेली बघवत नाही म्हणून पाठ फिरवून बसला होता तो माणूस. आता त्याला सांगू, की मित्राचं अर्धं काम शालनने थिनरने पुसलं? उद्या सकाळी ती बाई येईल, तिच्यासमोर हसू शकेल का तो?"

बाहेर दुपार चढली होती. आत्याने बोट फिरवून दोन्ही बाजू पुन्हा बघितल्या, एक लखलखीत आणि एक गंजलेली.

"डाव्याला उजव्याची साक्ष," ती शेवटी म्हणाली. ही आमच्या घराची शिकवण. एक डोळा झाला की दुसरा त्याच्यावरून काढायचा, एक कान झाला की दुसरा. एक बाजू हाताशी असली की दुसरी अर्धी झालेलीच असते. "इकडे आहे तेच तिकडे उतरवायचं."

तिने तिचा बारीक कुंचला घेतला, गेरू कालवला आणि एक ओघळ काढला. तो इतका सुबक आला, की गणपतीच्या शेल्याची किनार वाटावी. तिने पुसला. दुसरा काढला. तो त्याहून देखणा.

"मला घाण करता येत नाही गं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हात नीटच चालतो मेला."

"मला येते," मी म्हणाले. "इतके दिवस उंदीर कोण रंगवतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या कुंचल्याला पप्पासुद्धा हात लावत नाहीत. तिने तो माझ्यापुढे धरला, दांड्याकडून.

मी पहिला ओघळ काढला. गेरूत किंचित काजळ, वर जाड, खाली येता येता विरत जाणारा, मग कोरड्या बोटाने हलकेच दाबायचा. आत्या भिंग धरून होती आणि मी तिला म्हणाले, "श्वास लागतोय तुझा." ती चक्क तिकडे तोंड करून उभी राहिली. दिवे लागायच्या सुमाराला दोन्ही बाजू जुळल्या. जुळ्या बहिणी. आत्याने तिला दोन्हींकडून बघितलं आणि माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. आमच्याकडे याहून मोठं बक्षीस नाही.

रविवारी सकाळी आम्ही बोट आजोबांकडे नेली. ते घरात एकटेच राहतात. खिडकीजवळचं टेबल त्यांनी स्वच्छ धुऊन ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला, डोलकाठी बघितली, धुराडं बघितलं आणि मग दारावरचा तो पंजा त्यांना दिसला. त्यांनी स्वतःचा उजवा हात उघडून बघितला.

"रोज ओरडायचा माझ्यावर," ते म्हणाले. "हात पूस, दळी, हात पूस. दार तुझ्या बापाचं नाही. मी काय पुसतोय!"

मग त्यांनी बोट फिरवली. डावी बाजू. माझी बाजू. ते बघत राहिले. खूपच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालंय," आणि रोहिणी टेबलावर अशी ठेवली, की तिची डावी बाजू भिंतीकडे गेली.

मला वाईट वाटलं. खरं सांगते, फारच वाईट वाटलं.

एस्पीआजी रिक्षातून उतरल्या त्या फुलाफुलांच्या झग्यात, हातात एवढी मोठी पिशवी. शेव-बिस्किटं माझ्या हातात कोंबत म्हणाल्या, "ही कोण रे दळी? नात?"

"शेजारची. मृण्मयी. फार बोलते."

"बरं करते. तू बोलत नाहीस, कुणीतरी बोलायला नको?"

त्या बोटीसमोर बसल्या. हात लावला नाही. आधी नुसतं बघितलं, मग वाकून इंजिनच्या दारापाशी करंगळी नेली. "दिसला तुला? ह्या एका डागासाठी जेवायला उठत नव्हता बाबा. मी म्हटलं, कोणाला दिसणार आहे हा? म्हणाला, ज्याचा आहे त्याला दिसेल."

आजोबा खिडकीबाहेर बघत होते. आत्या पदराशी चाळा करत होती. मला वाटलं, आता संपलं, वाचलो.

"आता ती बाजू दाखव," एस्पीआजी म्हणाल्या.

"कशाला?" आजोबा जरा जोरातच म्हणाले. "उजेड इकडूनच येतो. चहा घे आधी, निवतोय."

"निवू दे. चार महिने त्याच्या हाताखाली ही बोट बघितलीये मी. दोन्ही बाजू बघून जाणार."

आजोबा उठेपर्यंत त्यांनी स्वतःच बोट उचलली. आत्याचे डोळे डोलकाठीवर खिळले, कारण आतली तार अजून एका दिवसाचीच होती. बोट फिरली, टेबलावर टेकली. काठी हलली नाही. एस्पीआजींनी झग्याच्या खिशातून चष्मा काढला, लावला आणि पुढे झुकल्या. त्यांची नजर माझ्या ओघळांवरून एकेक करत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वर आली, ती सरळ माझ्या हातांवर. माझ्या नखांत गेरू होता. मी हात पाठीमागे नेले.

बशीत चमचा वाजला तो आत्याच्या हातातला.

"सुंदर," एस्पीआजी म्हणाल्या. "पाठवली तशीच पोचली हो."

आजोबांनी सोडलेला श्वास मला पलीकडून ऐकू आला.

जाताना त्यांची पिशवी घेऊन मीच रिक्षापर्यंत गेले. आत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि नखं बघितली.

"तू केलंस?"

मी मानेनेच हो म्हटलं. तोंडातून शब्द निघेना. मला, शब्द निघेना!

"हात चांगला आहे. पण त्या बाजूला गंज नव्हता, बाय. रोहिणी नेहमी डाव्या अंगानेच धक्क्याला लागायची. धक्क्याला टांगलेले टायर घासून घासून काळे पट्टे पडलेले होते तिथे. आडवे. कुस्तोदने तेच काढले होते."

काळंकुट्ट फडकं माझ्या डोळ्यांसमोर आलं. गंज पुसला असता, तर ते तपकिरी झालं असतं.

"फार मोडली होती?"

मी परत मानेनेच हो म्हटलं.

"मी बांधायलाच चुकले असेन. दळीला बोलू नकोस हां मला कळलं म्हणून. त्याचे डोळे अधू, त्याला वाटतंय सगळं बरोबर आहे. वाटू दे. कुस्तोदची शेवटची आहे ती, त्याच्यासाठी अख्खी राहू दे." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "दळीला सांगितलंय, पुढच्या माघात येते मी परत."

मी घरात आले तेव्हा आत्या कपबशा विसळायला आत गेली होती. आजोबा टेबलापाशी उभे होते.

"मृण्मयी, तिला काही कळलं का गं?"

"नाही आजोबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली. मग डाव्या बाजूच्या एका ओघळाखाली बोट धरलं, न टेकवता. "इथे काळे पट्टे असायचे, टायरचे. आयुष्य गेलं माझं त्या बोटीत, मला काय विसरायला होतंय? तुम्हाला कुठून माहीत असणार. मी भिंतीकडे केली होती ती तिने बघू नये म्हणून. पण तिला काय कळतंय, ती कधी चढलीच नाही रोहिणीवर." ते हसले. "बरं झालं. त्याचे शर्ट फुकट गेले, असं तिला वाटायला नको."

तोंडाशी आलं होतं. अगदी जिभेवर. मी एक अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

ते गिळून झाल्यावर मी म्हणाले, "आजोबा, आता त्या गेल्या. मी गंज पुसून काळे पट्टे काढून देऊ? आडवे. बरोबर काढीन."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"नको. पुढच्या माघात परत येईन म्हणालीये. तिने आता गंज बघितलाय. गंजच ठेवायला हवा."

आणि त्यांनी रोहिणीला दोन्ही हातांनी उचललं, जपून फिरवलं आणि माझी बाजू खोलीकडे करून ठेवली.